वंशावळीतला कोरा रकाना



मेंदूच्या आनुवंशिक आजारांवर आपल्या देशात झालेलं एक मोठं संशोधन अगदी साध्या तपासणीपासून सुरू झालं. समोर बसलेल्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, मान न हलवता डावीकडे पाहा, आता उजवीकडे पाहा. निरोगी माणसाची नजर एका झेपेत पोचते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांनी तपासलेल्या काही रुग्णांची नजर मात्र रांगत जायची. ही माणसं चालताना झोकांड्या खात, बोलताना त्यांची जीभ जड होई. लहान मेंदूचा ऱ्हास, एवढं निदान केसपेपरवर लिहून मोकळं होणं सहज शक्य होतं आणि पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांच्या चौकटीत ते बसलंही असतं. १९२५ मध्ये जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले वाडिया परदेशातून मज्जाविकारशास्त्राचं शिक्षण घेऊन परतले होते. ती पाठ्यपुस्तकं त्यांना परकी नव्हती. पण त्यांना दिसलेली मंद नजर पुस्तकात कुठे नीट नोंदलेली नव्हती. पुस्तकात नाही म्हणून दिसलेलं दुर्लक्षित करायचं नाही, हा त्यांचा गुण मला त्यांच्या पुढच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठा वाटतो. १९७१ मध्ये वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात नऊ कुटुंबं होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, मंद नेत्रगती असलेला हा ऱ्हास एक स्वतंत्र विकार आहे असं प्रतिपादन होतं.

तेव्हा जनुक वाचण्याचं तंत्र हाताशी नव्हतं. एमआरआयही नव्हता. हाताशी होती ती तपासणाऱ्याची नजर आणि कुटुंबांनी दिलेली उत्तरं : आजोबांना असं काही होतं का, कोणत्या वयात सुरू झालं, त्यांच्या भावंडांपैकी कोणाला, मुलांपैकी कोणाला. १९९६ मध्ये वेगवेगळ्या संशोधक गटांनी बाराव्या गुणसूत्रावरचं एक सदोष जनुक शोधून काढलं. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा लिहिला जातो. बहुतेकांत तो बावीस-तेवीस वेळा असतो, तेहतीस-चौतिसांच्या पुढे गेला की आजार होतो, आणि जितका लांबतो तितक्या लहान वयात आजार गाठतो. या विकाराला आज एससीए-२ म्हणतात. १९९८ मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी सहा भारतीय कुटुंबांचं जनुकीय विश्लेषण करून दाखवलं की मंद नजर ही या विकाराच्या निदानाची महत्त्वाची खूण आहे. १९७१ चं निरीक्षण आणि १९९६ चं जनुक असे एकमेकांना येऊन मिळाले. पुढे २०१० मध्ये असंही दिसलं की याच जनुकातली मधल्या लांबीची पुनरुक्ती एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या वेगळ्याच आजाराचा धोका वाढवते. एससीए-२ च्या काही रुग्णांमध्ये नियोजन आणि विचार यांचा वेगही मंदावतो. म्हणजे चालण्याचा आजार, स्नायूंचा आजार आणि बुद्धीचा आजार अशा आपण पाडलेल्या कप्प्यांच्या भिंती जनुकांच्या पातळीवर पातळ होतात.

मुंबईतच डॉ. भीम सिंघल यांच्या हातून असंच काम झालं. डोक्याचा घेर मोठा असलेली, हळूहळू चालणं गमावणारी, पण बुद्धी बराच काळ शाबूत राहणारी काही मुलं त्यांच्याकडे येत. त्यातली बहुतेक एकाच, अगरवाल, समाजातली आहेत हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नोंदवलं. २००१ मध्ये एमएलसी-१ हे जनुक सापडलं, आणि या समाजातल्या रुग्णांत त्याच जनुकातला एकच सामाईक दोष आढळला. कोणे एके काळच्या एका पूर्वजाकडून तो आला असणार. इथेही आधी जात विचारली गेली, नातं विचारलं गेलं, मग जनुक आलं.

या दोन उदाहरणांतून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. मेंदूच्या आनुवंशिकतेचा अभ्यास कुटुंबाच्या खऱ्या हकीकतीवर उभा असतो. आपल्याकडे, विशेषतः मनोविकार आणि स्मृतिभ्रंश यांच्या बाबतीत, तो अडतो तो हकीकत मिळत नाही म्हणून. आणि ती मिळत नाही याच्या मुळाशी आनुवंशिकतेविषयीची एक समजूत आहे, जी याच शास्त्राने खोटी ठरवली आहे. यंत्रांची आणि पैशांची टंचाई आहेच. तरी ती पैशाने भरून निघते, आणि थोडीफार निघालीही आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातून दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. पण ज्याचा जनुकसंच वाचला त्या माणसाच्या आत्येला काय झालं होतं हे जनुकसंच सांगत नाही.

आणि वंशावळींची टंचाई आपल्याला नाही, निदान नाशिककरांनी तरी ती सांगू नये. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या नोंदलेल्या आहेत. कोण कोणाचा नातू, कोण कोणत्या कार्यासाठी येऊन गेला, सारं तिथे मिळतं. आनुवंशिकतेच्या अभ्यासकाला हेवा वाटावा असा हा ठेवा आहे. मात्र त्यात पुरुषांची साखळी मुख्य, लेकी सासरी गेल्या की त्यांची वाट बहुधा हरवते, आणि आजाराचा रकाना नाही. तो असायला त्या वह्या दवाखान्याच्या थोड्याच आहेत! पण घरातल्या आठवणीतही तो रकाना आपण कोरा ठेवतो. मधुमेह तिथे बिनदिक्कत लिहिला जातो, हृदयविकार जवळजवळ अभिमानाने. काकाला ठाण्याच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, हे मात्र पुढच्या पिढीला कळूच दिलं जात नाही.

आपल्या समाजरचनेमुळे हा कोरेपणा अधिक महाग पडतो. शतकानुशतकं जातीत आणि पोटजातीत लग्नं झाल्यामुळे थोड्या पूर्वजांपासून मोठे समूह वाढले. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ समूह तपासले होते. त्यांतल्या ८१ समूहांत या मूळपुरुष-परिणामाचं प्रमाण फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही तीव्र निघालं. या दोन समूहांच्या अभ्यासातून जगाला कितीतरी आनुवंशिक आजारांची जनुकं सापडली. आपल्याकडची तशी कुटुंबं अजून बोललेलीच नाहीत.

न बोलण्याचं कारण सर्वांना ठाऊक आहे. घरात उपवर मुलगी किंवा मुलगा असतो. सोयरीक जुळवताना समोरची माणसं ‘घराण्यात काही नाही ना’ असं विचारतात, त्या ‘काही’चा अर्थ दोन्ही बाजूंना कळतो. या भीतीमागे आनुवंशिकतेचं एक चित्र आहे : वेड रक्तात असतं, एकाला झालं की कुळाला खोट लागते, आणि ती पुढच्या पिढीत उतरणारच. एससीए-२ सारख्या एका जनुकाच्या आजाराला हे चित्र काही अंशी लागू पडतं, कारण तिथे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. पण गंमत अशी की लोक अशा आजारांना फारसं घाबरत नाहीत, त्यांची नावंही कोणी ऐकलेली नसतात. घाबरतात ते स्किझोफ्रेनियाला, आणि तिथे हे चित्र साफ चुकतं.

स्किझोफ्रेनिया आयुष्यात शंभरातल्या साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास जाते. ही वाढ मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की शंभरातल्या नव्वद मुलांना तो होत नाही. आणि बहुसंख्य रुग्णांच्या आईवडिलांपैकी कोणालाच हा आजार नसतो. एकसारख्या जुळ्यांचा जनुकसंच तोच असूनही एकाला आजार झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भरतं. २०२२ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात सुमारे ७६ हजार रुग्णांच्या जनुकसंचांची तुलना झाली आणि जनुकसंचातली २८७ ठिकाणं या आजाराशी जोडलेली सापडली. प्रत्येक ठिकाणाचा वाटा अगदी लहान. त्यांतली कित्येक रूपं या मंडपात बसलेल्या आपल्या प्रत्येकात आहेत, माझ्यातही. खोट नसलेलं घराणं अशी वस्तूच शास्त्राला सापडलेली नाही. काही दुर्मीळ अपवाद आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असला तर चारांतल्या एकाला हा आजार होऊ शकतो. पण असा तुकडा बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, त्या मुलातच नव्याने गळालेला असतो. कुळाला दोष द्यायचा तर तिथेही जागा नाही.

त्या ७६ हजारांत बहुतेक युरोपीय वंशाचे, त्याखालोखाल पूर्व आशियातले. भारतीयांचा वाटा नगण्य. याचा परिणाम व्यवहारात होतो. अशा अभ्यासांवरून धोका मोजायची जी सूत्रं बनतात ती ज्या लोकसमूहावर बनली त्याच्यावर चालतात, इतरांवर कमी चालतात. इथेही पुन्हा तोच कोरा रकाना आडवा येतो, आणि तो सरकारी मोजणीतही आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाची २०१५-१६ ची फेरी बारा राज्यांत झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या फेरीत प्रौढांपैकी दर शंभरात दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचं दिसलं आणि उपचाराबाहेर राहिलेल्यांचं प्रमाण बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांच्या वर निघालं. आपल्या राज्याचा आकडा आपण शेजाऱ्यांवरून ताडायचा.

स्मृतिभ्रंशाची गोष्ट निराळी आहे. तिथे लपवण्यापेक्षा न दिसण्याचा भाग मोठा आहे. म्हातारपणी चालायचंच, असं म्हणून विसरणं, रस्ता चुकणं, त्याच त्या प्रश्नांची माळ हे सारं घर पोटात घेतं. यात माया आहे, आणि शास्त्राची पंचाईतही. स्मृतिभ्रंशाचं रूढ निदान करताना रुग्णाच्या कामकाजावर परिणाम झाला आहे असं जवळच्या माणसाने सांगावं लागतं. ज्या आजीकडून पैशांचा हिशोब ठेवण्याची कोणी अपेक्षाच केली नव्हती, तिचा हिशोब चुकतो हे कळणार कसं? विकसनशील देशांत जगातले ६६ टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण आणि संशोधन जेमतेम १० टक्के, या तफावतीवरून ‘टेन-सिक्स्टीसिक्स’ असं नाव घेतलेल्या संशोधकगटाने २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपली पाहणी मांडली. रूढ अमेरिकी निकष लावले तर ग्रामीण भारतात ६५ वर्षांवरच्या शंभरात अर्धा रुग्णही निघत नव्हता. तिथल्या परिस्थितीला साजेसे निकष लावल्यावर तो आकडा कितीतरी पटींनी वाढला. कारण संशोधकांनीच सांगितलं : घरातली माणसं बिघाड झाल्याचं सांगत नव्हती. मुंबईत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांवरच्या शंभरात अडीचच्या आसपास रुग्ण होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात घराघरांत जाऊन स्मृतीच्या तपशीलवार चाचण्या घेतल्या, तेव्हा साठीपुढच्या शंभरात सात-साडेसात निघाले, म्हणजे ८८ लाख माणसं. लोकसंख्येचं वय वाढलं हे खरं, पण एवढा फरक केवळ तेवढ्याने पडत नाही. विचारण्याची रीत बदलली.

आता आक्षेपांकडे येतो. ‘हे सगळं सांगून आमच्या मुलीचं लग्न मोडलं तर तुम्ही येणार आहात का?’ या आक्षेपाला हसण्यावारी नेऊ नये, कारण यात कायदाही लोकांच्या भीतीला दुजोरा देतो. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात आजही विवाहास आणि अपत्योत्पत्तीस अयोग्य ठरवणाऱ्या मानसिक विकाराची अट आहे. अपस्मार म्हणजे फिट्‌सचा उल्लेख तिथून १९९९ मध्ये काढला गेला, म्हणजे कायद्यालाही शहाणपण येऊ शकतं. ते पूर्णपणे यायचं आहे. पण संशोधकाला किंवा डॉक्टरला सांगणं आणि गावाला सांगणं यात फरक आहे, आणि तो कायद्याने आखलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि विमा कंपन्यांना मनोविकारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देण्यास सांगतो. जनुकीय आजाराच्या नावाखाली दावे सरसकट नाकारणं भेदभाव आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं. तरी जनुकीय माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा अमेरिकेच्या २००८ च्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही, आणि तो होईपर्यंत कुटुंबांनी सावध राहावं हे मला मान्य आहे. सावध राहणं म्हणजे स्वतःच्या मुलांनाही न सांगणं, हे मात्र मान्य नाही. विशीतल्या मुलाचं झोपेचं, संशयाचं तंत्र बिघडू लागलं आणि घरात पूर्वी काय झालं हे ठाऊक असलं, तर ते घर बाहेरची बाधा उतरवण्यात दोन वर्षं घालवणार नाही. उपचार जितक्या उशिरा तितकी सुधारणा अवघड, हे या आजाराबाबत पुरेसं सिद्ध आहे. उघड बोलण्याची वाट खानदेशातल्याच एका माणसाने दाखवली आहे. धुळ्याकडचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया त्यांनी लपवला नाही, पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था उभी केली, आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही ते उभे राहिले.

दुसरा आक्षेप सामाजिक कार्यकर्त्यांचा. विदर्भात, मराठवाड्यात शेतकरी कर्जाने आणि नापिकीने खचतो, आणि तुम्ही त्याची जनुकं तपासणार? हा आक्षेप मला जवळचा वाटतो, कारण जनुकांचं नाव घेऊन व्यवस्थेला जबाबदारीतून सोडवण्याचा मोह खरोखरच असतो. पण पुरावा या दोहोंना एकमेकांविरुद्ध उभं करत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे हॉलंडमध्ये उपासमार झाली. त्या ऐन उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण दुप्पट आढळलं. भूक हे सामाजिक कारण आहे आणि ती गर्भातल्या मेंदूपर्यंत पोचते. आनुवंशिकतेचा नीट अभ्यास झाला की परिस्थितीचा वाटा किती हेही स्पष्ट होतं. जुळ्यांच्या अभ्यासांनी दोन्ही एकाच आकडेवारीतून दाखवलं.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तो सर्वांत जड आहे. मनोविकारांच्या आनुवंशिकतेचा पहिला मोठा कौटुंबिक अभ्यास १९१६ मध्ये म्युनिकच्या एर्न्स्ट र्‍युडिन याने केला. तोच पुढे १९३३ च्या नाझी नसबंदी कायद्याचा भाष्यकार झाला. त्या कायद्याखाली सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली, आणि १९४०-४१ मध्ये सत्तर हजारांवर रुग्ण विषारी वायूने मारले गेले. कुटुंबांच्या नोंदी सरकारच्या हाती गेल्या की काय होतं याचं हे उदाहरण. ते परदेशातलं म्हणून आपण निश्चिंत राहावं असंही नाही. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रियेने काढली गेली, तेव्हा आनुवंशिकतेचा प्रश्न नव्हता. त्या मुलींना कोणी विचारलं होतं का, हा प्रश्न होता. म्हणून नोंद कोणाकडे राहील, कोण पाहील, कधी नष्ट होईल, हे आधी ठरल्याशिवाय वंशावळ द्यायची नाही असं एखादं कुटुंब म्हणालं तर ते बरोबरच आहे. मात्र जर्मनीच्या इतिहासातला एक तपशील क्वचितच सांगितला जातो. इतक्या रुग्णांना मारून आणि निर्बीज करून युद्धानंतरच्या काळात स्किझोफ्रेनियाचे नवे रुग्ण निघण्याचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. र्‍युडिनचं विज्ञान अमानुष होतं आणि चूकही होतं. ते चूक होतं हे सिद्ध करायला पुन्हा कुटुंबांच्या नोंदीच लागल्या.

उरला शेवटचा, व्यवहारी आक्षेप : बरं होणार नसेल तर जाणून उपयोग काय? आज या आक्षेपाचा जोर ओसरत चालला आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे धोके दिले आहेत. कमी शिक्षण, कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, प्रदूषित हवा यांसारखे. सारे आवरले तर जगातले ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा अंदाज आहे. घराण्यात आजार असलेल्याने कानाचं यंत्र लावण्याची टाळाटाळ करू नये, इतका हा उपयोग जवळचा आहे. शिवाय अल्झायमरचा धोका वाढवणारं म्हणून १९९३ मध्ये ओळखलेलं एपीओई जनुकाचं ‘ई-४’ रूप पाहा. अल्झायमरवरची नवी प्रतिपिंड औषधं २०२१ पासून अमेरिकेत मान्य होऊ लागली. ज्यांच्यात हे रूप दोन्ही बाजूंनी आलेलं असतं, त्यांच्या मेंदूत या औषधांमुळे सूज आणि रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून औषधाआधी जनुकाची चाचणी करून घ्यावी असं सांगितलं जातं.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर सुरुवात अवघड नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं त्याच्याशी संलग्न आहेत. सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी चालते. तिथल्या कुटुंबांना वाहक आणि रुग्ण यांतला फरक समजावून सांगणारी माणसं आहेत. हा सल्ला देण्याचा अनुभव मनोविकार विभागांनी उसना घ्यावा. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर दोन्हीकडच्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्या, तीन पिढ्यांचा आराखडा काढायला दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक विद्यार्थ्याने तो काढावा असा दंडक विद्यापीठ घालू शकतं. कुटुंबाचं संमतिपत्र मराठीत आणि अहिराणी-कोकणी बोलणाऱ्यांना तोंडी समजावून द्यावं, आणि त्यात दोन प्रश्न स्वतंत्र विचारावेत. पहिला, माहिती द्याल का? दुसरा, निष्कर्ष निघाला तर तो तुम्हाला कळवायचा का? हंटिंग्टनसारख्या एका जनुकाच्या आजारात चाचणी उपलब्ध असूनही धोक्यातल्या बहुसंख्य माणसांनी ती करून घेतलेली नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे. १९७१ च्या नऊ कुटुंबांनी माहिती दिली तेव्हा जनुक सापडायला २५ वर्षं होती. तेव्हा मांडीवर असलेली मुलं तोवर संसाराला लागली होती. आज एखादं कुटुंब बोललं तर इतका काळ जाणार नाही, पण वर्षं जातीलच. तेवढ्या काळात पत्ता बदलेल, उत्तर देणारी आजी राहणार नाही, संशोधक निवृत्त होईल. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्याला शोधून काढण्याची जबाबदारी माणसावर न सोपवता विभागावर सोपवावी, आणि त्यासाठीचा खर्च संशोधनाच्या पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा.